दोन पायऱ्या गेल्या कुठं?

(घरदुरुस्तीचं सदर. पाऊस आत्ताच ओसरलाय त्यामुळं या वेळची सगळी पत्रं ओल आणि गळतीचीच, दुसरं काय येणार म्हणा. एका पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, बाकीची आटोपशीर घेतलीत.)

प्रश्न : ताई नमस्कार. मालवण तालुक्यात बंदराजवळ आमच्या आजोबांचं लॉज आहे. मुंबईची बोट यायची तेव्हा रात्री-अपरात्री उतरणारी माणसं इथंच राहायची, खाली खाणावळ आणि वर सहा रूम. जांभ्याचं बांधकाम, वर मंगलोरी कौलं. ८५-८६ला बाबांनी मागच्या अंगाला स्लॅब टाकून अटॅच बाथरूम काढले. पुढे बोट बंद झाली, लॉजपण रडतखडत चालून बंद पडलं, आता दोन रूम तेवढ्या मच्छीमारी बोटीवरच्या खलाशांना महिन्यानं दिल्यात. मी आणि चुलतभाऊ मिळून पर्यटकांसाठी परत चालू करायचं म्हणतोय, पण चार नंबरच्या रूमची हालत बघवत नाही. छताला चहाच्या रंगाचे डाग, बाथरूमकडची भिंत काळी पडलीय, खाली खाणावळीत जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे आणि हात लावला की पांढरी पावडर. एका तुळईच्या टोकाला बोटानं दाबलं तर भुसा आला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कौलं काढून कलर पत्रा टाका, भिंतींना केमिकल घालून सिमेंट प्लास्टर करा, खाली चार फूट टाइल लावा म्हणजे ओल दिसणारच नाही, डिसेंबरच्या आत करून देतो. काका म्हणतात पाडा आणि नवीन बांधा. तुम्ही काय सांगता? फोटो पाठवतोय, त्यात एक जुनापण आहे.
(एक वाचक, मालवण तालुका)

उत्तर : काकांना सांगा, पाडू नका. आणि कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स गेला नसेल तर तो खिशातच राहू दे.

तुमचा जुना फोटो मी बराच वेळ बघत बसले होते. कुणाच्या तरी लग्नातला दिसतोय, वऱ्हाड लॉजच्या दारात उभं आहे, त्यांच्या पायाखालच्या पायऱ्या मोजा, चार आहेत. आता तुम्ही मोबाईलवर काढलेला फोटो बघा. दोनच. मग बाकीच्या दोन पायऱ्या गेल्या कुठं? रस्त्याखाली गेल्या. जुन्या डांबरावर नवं डांबर, त्यावर काँक्रीट, मग तुमच्याच अंगणात पेव्हर ब्लॉक, असं करत करत बाहेरची जमीन फूटभर वर आली आणि तुमचं जोतं होतं तिथंच राहिलं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि हे सगळं पाणी आता पायऱ्यांवरून उतरायच्या ऐवजी भिंतीच्या पायाशी येऊन बसतं. पेव्हरमुळं जमिनीला श्वास घ्यायला जागा नाही, मग ते पाणी वर यायला एकच वाट शोधतं, ती म्हणजे तुमची भिंत. जांभ्याचा चिरा म्हणजे शेवटी भोकाभोकांचा दगड, तो पाणी चहात बुडवलेल्या बटर-बिस्किटासारखं वर ओढतो.

त्या पाण्यात मीठ असतं, समुद्राजवळ तर असणारच. पाणी भिंतीच्या तोंडाशी येऊन वाळतं आणि मीठ तिथंच राहतं, त्याचे खडे वाढतात आणि प्लास्टर, रंग, कधी चिऱ्याचा वरचा थर असं सगळं आतून ढकलून देतात. हाच आपला लोणा. तुमची पांढरी पावडर ती हीच.

आता या भिंतीला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तसं केमिकलवालं सिमेंट प्लास्टर मारलं तर काय होईल ते मी पुस्तकातनं सांगत नाही, स्वतः केलेलं सांगते. नवीनच इंजिनीअर झाले होते, डोक्यात हवा, राजापूरकडं मामाच्या घरातल्या माजघराला लोणा लागलेला म्हणून मी मोठ्या तोऱ्यात वॉटरप्रूफिंग पावडर घालून कडक सिमेंट प्लास्टर करून घेतलं. पहिला पावसाळा भिंत एकदम कोरडी, मामा खूष, मी त्याहून खूष. दुसऱ्या पावसाळ्यात ओल प्लास्टरच्या वरच्या कडेला दिसायला लागली, म्हणजे आधी कमरेएवढी होती ती छातीपर्यंत चढली, कारण खाली बाहेर पडायची वाट मीच बंद केलेली. तिसऱ्या पावसाळ्यात रात्री धाडकन आवाज झाला आणि दाराएवढा एक तुकडा खाली आला, त्याच्या मागच्या बाजूला चिऱ्याचा अर्धा इंच थर तसाच चिकटलेला. मामीनं त्यातला एक तुकडा ओटीवर ठेवलाय, पाहुणे आले की दाखवते, ही आमच्या भाचीची इंजिनीअरिंग म्हणून. टाइल लावून ओल लपवायची आयडिया तर त्याहून वाईट, टाइलमागं काय चाललंय ते तुम्हाला कळणारच नाही, टाइल सुटून हातात येईल तेव्हाच कळेल.

पण ही झाली फक्त खालची ओल. तुमच्या इमारतीत तीन वेगवेगळी पाणी आहेत आणि कॉन्ट्रॅक्टरनं तिघांना एकच औषध दिलंय, माझं भांडण तिथं आहे.

छताचे चहाच्या रंगाचे डाग म्हणजे वरचं पाणी. कौलं, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या), वासे यांच्यावरून ओघळत येताना ते लाकडाचा आणि धुळीचा रंग घेऊन येतं म्हणून तो रंग. हे शोधायला सोपं, पुढच्या एखाद्या अवकाळी सरीला टॉर्च घेऊन माळ्यावर चढा आणि गप बसून राहा, थेंब कुठं पडतो ते कळेल, आणि लक्षात ठेवा डाग जिथं दिसतो तिथंच भोक असतं असं नाही, पाणी वाशावरून चार-पाच फूट घसरत जाऊन मग गळतं. सर आली नाही तर दिवसा माळ्यावर अंधार करून बघा, जिथनं उजेड येतो तिथनं पाणीपण येतं. बहुतेक वेळा सरकलेली नाहीतर फुटलेली दहा-वीस कौलं, कोन्यांतला (छपराच्या कण्यावरच्या कौलांतला) सुटलेला माल आणि कुजलेल्या चार-सहा रिपा एवढाच मामला निघतो. त्यासाठी सगळं छप्पर उतरवून पत्रा? पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये वरच्या रूममध्ये माणूस भाजून निघेल, मग एसी, मग लाईटबिल. खाऱ्या वाऱ्यात पत्र्याचे स्क्रू आधी गंजतात आणि तिथनंच गळायला सुरुवात होते ती वेगळीच.

तुळईच्या टोकाचा भुसा मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुळया मधे कुजत नाहीत, भिंतीत शिरतात तिथं कुजतात, कारण तिथं ओल आणि हवा नाही. एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि वरच्या मजल्याच्या एकूणएक तुळईची दोन्ही टोकं टोचून बघा. अर्धा इंचसुद्धा आत जात नसेल तर ठीक, बोटभर गेला तर ते टोक गेलं समजा, आणि त्या रूममधनं खलाशी आधी हलवा, बाकी सगळं नंतर. टोक गेलं म्हणून पूर्ण तुळई काढावी लागत नाही, खालून लोखंडी टेकू देऊन कुजका भाग कापायचा आणि चांगल्या वाळलेल्या ऐन नाहीतर सागाचा तुकडा सांधून बोल्ट मारायचे. हे काम जुन्या सुताराचं आहे, फर्निचरवाल्याचं नाही. नवीन टोक भिंतीत परत चिणून टाकू नका, भोवती बोटभर हवा खेळू दे. वाळवीचं औषध मारणार असाल तर विहीर किती लांब आहे ते मारणाऱ्याला आधी सांगा, तो स्वतःहून विचारणार नाही.

तिसरं पाणी बाथरूमचं. ती भिंत काळी आहे म्हणजे ती बारा महिने ओली आहे, पावसाचा संबंध नाही. खलाशांना आठ दिवस दुसरीकडं अंघोळीला पाठवा आणि बघा फरक पडतो का. मग मोरीच्या जाळीत बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओता, दुसऱ्या दिवशी खालच्या छताला निळा डाग आला तर चोर सापडला. आणि खरं सांगू का, तुमच्या फोटोतल्या त्या मागच्या स्लॅबला खालून सळया दिसतायत, काँक्रीटच्या खपल्या पडल्यात. सळई गंजली की फुगते, गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, म्हणून काँक्रीट फुटतं. त्या काळात किनाऱ्यावर कितीतरी कामांना खाडीची नाहीतर समुद्राची वाळू वापरली गेली, तसं इथं असेल तर मीठ काँक्रीटमध्ये जन्मापासूनच आहे आणि वरवर लिंपून ते थांबत नाही. गंमत बघा, काकांना जुनं पाडायचंय, कॉन्ट्रॅक्टरला जुन्याचं रूप बदलायचंय आणि त्या ८५च्या स्लॅबबद्दल कोणीच बोलत नाही, कारण ती ‘पक्की’. माझ्या मते पाडायचंच असेल तर ती पाडावी लागेल. पण हे फोटोवरून सांगायचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा, हातोडीनं ठोकून आणि एक-दोन ठिकाणी फोडून सळई किती उरलीय ते बघू दे, तोपर्यंत त्या बाथरूमवर पाण्याची टाकी असेल तर ती रिकामी करा.

पाडायच्या आधी एक गोष्ट. बंदराजवळ आहात म्हणजे सीआरझेडमध्ये, किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात असणार. तिथं जुन्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण सहसा आहे तेवढंच जोतं आणि आहे तेवढाच एफएसआय (प्लॉटच्या मानानं एकूण बांधकाम) धरून, वाढीव काही नाही. आणि ‘अधिकृत’ हे तुम्हाला कागदानं दाखवायला लागतं. म्हणून घरपट्टीचे जुने उतारे, प्रॉपर्टी कार्ड, लॉजचं जुनं लायसन काय असेल ते ट्रंकेतनं काढा, विशेषतः बाबांनी स्लॅब टाकताना परवानगी घेतलेली का ते बघा. काका म्हणतात तसं आख्खं पाडून बसलात आणि परवानगी अडकली तर हातात नुसतं जोतं राहील, तेही रस्त्याच्या खाली.

आता करायचं काय आणि कधी.

सगळ्यात आधी, म्हणजे याच महिन्यात, भिंतीला लागून दोन फूट रुंदीचे पेव्हर उखडून टाका. तिथं चर खणा, पायाच्या खाली जाऊ नका, जोत्याच्या तळापेक्षा थोडं वर थांबा, चराला एका बाजूला उतार द्या, मोठी खडी भरा आणि ते पाणी गटारात नाहीतर परड्यात लांब सोडा. पागोळ्या या चरात पडल्या पाहिजेत, नाहीतर वळचणीला पन्हळ लावा, सध्या त्या पेव्हरवर आपटून सगळे शिंतोडे भिंतीवर उडतायत. हे काम दोन गड्यांचं आहे आणि माझ्या अंदाजानं अर्धी ओल यानंच जाणार.

दुसरं, खाणावळीतलं खालचं प्लास्टर ओलीच्या रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंत काढून चिरा उघडा करा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, सुपलीत गोळा करायचा आणि बाहेर नेऊन टाकायचा. पाण्यानं धुवायचा नाही हं, धुतलात की मीठ विरघळून परत आत जातं. पंधरा दिवसांनी परत येईल, परत झाडायचा.

आणि मग थांबायचं. हेच तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे माहीत आहे मला. ओली भिंत वाळायला महिन्याला साधारण एक इंच असा आमच्याकडं ठोकताळा आहे, तुमची भिंत पंधरा इंची असेल, दोन्ही बाजूंनी वाळली तरी सात-आठ महिने. ऑक्टोबर ते मे. पाऊस आपल्याला बरोब्बर तेवढीच सुट्टी देतो, त्यातले सुरुवातीचे चार-पाच महिने तरी भिंतीला देऊन टाका. फेब्रुवारी-मार्चमध्ये चुन्याचं प्लास्टर करा, एक चुना तीन वाळू, वाळू नदीची आणि धुतलेली. चुन्याला ओल चालते, तो ती बाहेर सोडतो, आणि लोणा आलाच तर चुना झिजेल पण चिरा वाचेल, मग पाच-सात वर्षांनी तेवढा पट्टा परत करायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला आठवडा-दोन आठवडे ओलसर ठेवायला लागतं आणि पुढेही वेळ द्यायला लागतो, म्हणून ते काम मेवर ढकलू नका. जुने गवंडी त्यात गूळ-हिरडा घालायचे, असा कोणी म्हातारा गवंडी तुमच्या पंचक्रोशीत अजून असेल तर त्याचे पाय धरा आणि त्याच्या हाताखाली दोन पोरं द्या. वर रंगसुद्धा चुन्याचाच, प्लास्टिक पेंट मारलात तर सगळं मुसळ केरात.

छपराचं आणि सुताराचं काम एप्रिलअखेर संपवा. आगोटीपर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत वेळ आहे असं म्हणू नका, २०२१ला तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच येऊन गेलं आणि तेव्हा कौलं उतरवून ठेवलेल्या लोकांचे हाल मी बघितलेत.

डिसेंबरचं गिऱ्हाईक हातचं जाईल ही भीती कळते. रस्त्याकडच्या वरच्या तीन रूम फोटोत तरी कोरड्या दिसतायत. त्यांच्या तुळया तपासा, वायरिंग पूर्ण नवीन करा, अर्थिंग आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच) लावा, ओल्या इमारतीत यात काटकसर नको, आणि या सीझनला तेवढ्याच तीन चालवा. चार नंबरला कुलूप.

प्रश्न : चिपळूणला बाजारपेठेत आमचं छोटं लॉज आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात तळमजला पूर्ण पाण्यात होता. गणपतीनंतर लगेच पुट्टी-रंग करून घेतला. तेव्हापासून दर पावसाळ्यात रंग सुटतो, आत्तापर्यंत दोनदा काढून केला. पुराचं पाणी अजून भिंतीत आहे का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पुराचं पाणी नाही, ते कधीच गेलं. पण तुम्ही रंग केला तेव्हा ते होतं, त्यावर पुट्टी चढली आणि पुट्टीनं भिंतीचा हात कधी धरलाच नाही, नंतर दोन्ही वेळा वरचा सुटलेला रंग काढून त्याच कच्च्या थरावर नवा चढवला असणार. तुमची भिंत विटेची की चिऱ्याची ते लिहिलं नाहीत, काही असो, या वेळी खरवडून पार प्लास्टरपर्यंत जा. प्लास्टर ठोकून बघा, बद्द वाजेल तेवढं काढा. स्विचबोर्डाच्या पेट्यांमधे आणि पाइपांत तेव्हाचा गाळ अजून बसलेला असतो, तो ओल धरून ठेवतो, तो काढून घ्या. प्लायवूडचे बेड-कपाटं भिंतीला चिकटून असतील तर चार बोटं पुढं घ्या. काम जानेवारीत करा. आणि तळमजल्याला पुन्हा पीओपी, वॉलपेपर, लॅमिनेट असलं काही लावू नका, वाशिष्ठी परत येणार नाही असं कोणी लिहून दिलेलं नाही. खाली असं सामान ठेवा जे धुऊन परत वापरता येईल, लाईटचे पॉइंट वर घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या होमस्टेच्या दोन रूमना कुबट वास येतो आणि कपाटामागं काळी बुरशी धरते. गळती कुठंच नाही. एसी चालू ठेवला तरी तेच.
(एक वाचक, गुहागर)

उत्तर : भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटाचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या मागं, भिंतीकडं पाणी धरलं तर ओल भिंतीतनं येतेय, वरचं मालवणचं उत्तर वाचा. कागदाच्या पुढं, खोलीकडं धरलं तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर बसतोय, आणि त्याला तुमचा अठरावरचा एसीच जबाबदार आहे. सव्वीसवर ठेवा, बाथरूमला एग्झॉस्ट लावा, उघडीप मिळेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा, ओले टॉवेल रूममध्ये वाळत घालू देऊ नका. पाहुण्यांना हे सांगणं अवघड असतं, पडवीत दोरी बांधून द्या म्हणजे आपोआप तिकडं जातात.

प्रश्न : जुनी मंगलोरी कौलं पाडलेल्या घरांची विकत मिळतायत, घ्यावीत का? नवी आणि जुनी एकत्र चालतील?
(एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : घ्या, पण गाडी भरायच्या आधी तुमच्या छपरावरचं एक कौल काढून पालथं करा. मागं कारखान्याचा छाप असतो. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ला मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि मग त्या किनाऱ्यावर कितीतरी कारखाने झाले, प्रत्येकाच्या साच्यात थोडाथोडा फरक. दिसायला सारखीच, पण खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि त्या फटीतनं झड आत येते. म्हणून त्याच छापाची शोधा, नाहीच मिळाली तर दोन छाप मिसळू नका, एक अख्खी बाजू एकाची आणि दुसरी दुसऱ्याची करा. दर चौरस मीटरला पंधरा-एक कौलं लागतात, फुटतूट धरून दहा टक्के जास्त घ्या. विकणारा ढिगातली वरची दाखवेल, तुम्ही मधली काढायला सांगा आणि प्रत्येक कौल एका हातात लोंबतं धरून चावीनं वाजवा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर त्याला तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो.